बेबी नंदा: वशिला की गरज?

कोणीतरी लिहिलंय की हिंदी सिनेमातल्या नंदाला बापाच्या नावावर आयतं काम मिळालं, ते काय पटलं नाही बघा. तिचा बाप, सिनेमावाले मास्टर विनायक म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी, कोल्हापूरचे (आडनाव ऐकून आमच्या बेळगावात उगाच कॉलर ताठ होते). ते १९४७ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा ही पोर आठ वर्षांची, घरात पैशाची ओढाताण आणि मागं सगळी भावंडं. १९४८ चा मंदिर सिनेमा त्यांनीच सुरू केलेला, ते गेल्यावर दिनकर पाटलांनी पुरा केला, त्यात ही बालकलाकार 'बेबी नंदा'. मग १९५२ चा जग्गू. म्हणजे शाळेच्या वयात घर चालवायला मेकअप लावून उभं राहायचं, याला वशिला म्हणायचं काय? शहापुरातली आमची आजी तर तिला कायम 'विनायकाची पोर'च म्हणायची, हिरॉइन झाली तरी.

हां, नात्याचा फायदा झाला तो पुढं, व्ही. शांताराम विनायकांचे नातलग, त्यांच्या तूफान और दिया मधनं १९५६ ला मोठा रोल मिळाला, पण तोवर बेबीपण संपलं होतं की. आणि लगेच पुढच्या वर्षीच्या भाभी सिनेमासाठी फिल्मफेअरचं नॉमिनेशन, ते काय शांतारामांनी दिलं नव्हतं.