रात्री गाय अडली आणि डॉक्टरचा फोन बंद. चूक कोणाची?

खुराडेकर (धागाकर्ता): आमच्या तालुक्यातल्या एका गुरांच्या डॉक्टर मित्राने रात्री दहानंतर फोन बंद ठेवायला सुरुवात केली आणि गावाच्या ग्रुपवर शिव्या खाल्ल्या. माझ्या मते तो बरोबर आहे. दिवसभर लाळ्या-खुरकुताचं लसीकरण, कानातले बिल्ले, त्यांची ऑनलाइन नोंद, विम्यासाठी शवविच्छेदन. रात्री अडलेली गाय आली की खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवायचं आणि सकाळी पुन्हा दवाखाना उघडायचा. २०२२ च्या लम्पीत, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत, तर रविवारही कळत नव्हता. अमेरिकेतल्या १९७९ ते २०१५ च्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ साली आला. त्यात पशुवैद्यक पुरुषांतल्या आत्महत्या सर्वसाधारण लोकांच्या २.१ पट, स्त्रियांतल्या ३.५ पट निघाल्या. आकडे तिकडचे, पण खचणारी माणसं मी इथेच पाहिलीत.

दूधवाला_माण: डॉक्टरसाहेब, राग मानू नका. लाखाची गाय, तिच्यावर सोसायटीचं कर्ज. पाय बाहेर आलेलं वासरू सकाळपर्यंत थांबतं का? तुमचा फोन लागला नाही की आम्ही गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरला बोलावतो. तो चार माणसं लावून ओढतो, गायीची गर्भपिशवी फाटते, आणि सकाळी बोलणी आम्हीच खातो, 'आधी का नाही सांगितलं?' म्हणून. आमच्या ताणाचा धागा कोण काढतं?

मांजरवाली: 'टेलीमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. डॉक्टरांनी लाजू नये.

खुराडेकर: ताई, नंबर चांगलाच आहे. पण समुपदेशन झाल्यावरही रात्री दोनचा फोन यायचा तो येतोच.

पेठेतली_व्हेट: शहरात गाय नाही, रिव्ह्यू आहेत. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाला धडधाकट कुत्रा 'झोपवून', म्हणजे इंजेक्शनने मारून, हवा होता. नाही म्हटलं, तर एक तारा आणि 'निर्दयी' हा शेरा. त्याच आठवड्यात पार्वो या जीवघेण्या आजाराचं कुत्र्याचं पिल्लू आलं. मालक रिक्षावाले, सलाईनचे पैसे नव्हते. अर्धे मी सोडले, तरी ते गेलं. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा त्रास जास्त झाला. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

स्पष्टवक्ता: पाचशे रुपये तपासणी घेता आणि वर रडता?

पेठेतली_व्हेट: भाडं, एक्स-रे मशीन, दोन मदतनीस त्यातूनच. इथे विमा क्वचितच कोणाचा असतो, म्हणून प्रत्येक उपचाराआधी मालकाच्या खिशाचा अंदाज घ्यावा लागतो. हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

खुराडेकर: दूधवाले दादा, तुमचं खोटं नाही. पण एकट्याने रोज जागायचं हा उपाय नव्हे. तालुक्यातल्या डॉक्टरांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. नंबर एकच, गाडी दूध संघाची.

दूधवाला_माण: पाळ्या लावा, पण आज कोणाची ते डेअरीच्या फळ्यावर लिहा. रात्रीची फी दुधाच्या बिलातून कापली तरी चालेल, उधारीची भांडणं तरी मिटतील. एवढं मात्र सांगतो, पाळीवाल्यानेही फोन बंद ठेवला तर पुन्हा ग्रुपवर येणार.

स्पष्टवक्ता: संघ गाडी देणार? आमचा अजून दूधदराचा दिवाळीचा फरक देतोय!