मदत हवी आहे: 'लॉ अँड ऑर्डर एसव्हीयू' आईला मराठीत सांगताना शब्द अडतात

मंडळी, नमस्कार.

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे आणि तिला 'लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' (एसव्हीयू) या, लैंगिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकावरच्या अमेरिकन मालिकेची गोडी लागली आहे. निम्मं इंग्रजी तिचं तिला कळतं, उरलेलं मी शेजारी बसून सांगते. मालिका १९९९ पासून चालू आहे आणि जुने भाग कुठल्याही क्रमाने लागतात. कालचा डिटेक्टिव्ह स्टेबलर आज का नाही, हे सांगणं सोपं: ते काम करणाऱ्या मेलोनीने २०११ मध्ये मालिका सोडली. त्याची जोडीदार ऑलिव्हिया बेन्सन हिच्या भूमिकेत मात्र पहिल्या भागापासून मरिस्का हार्गिटेच. आई तिला "आपली ऑलिव्हिया" म्हणते.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. परवा मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "त्या नर्सने खोका कसला उघडला गं?" रेप किट होतं ते. मी म्हटलं, "त्या मुलीची तपासणी करतायत." आईचा हात थांबला. "म्हणजे ती खरं बोलतेय का, ते बघतात?"

मी चुकीचं सांगितलं होतं. त्या खोक्यात स्वॅब असतात, केसांसाठी कंगवा असतो, नखांखालचं काढायची काडी असते, प्रत्येकाचं वेगळं सीलबंद पाकीट. आरोपीने तिच्या अंगावर मागे ठेवलेलं जे काही असेल ते जमा करायचं असतं. संशय त्याच्यावर असतो. पण 'तपासणी' म्हटलं की मराठीत तीच आरोपी होते. आपल्याकडे 'मेडिकल' म्हणतात, त्यातूनही हे कळत नाही. असे ११,००० हून जास्त खोके २००९ मध्ये डेट्रॉइट पोलिसांच्या गोदामात न तपासताच पडलेले सापडले. मालिका बघून बायका हार्गिटेला आपली हकिगत पत्रातून कळवू लागल्या, त्यातून तिने २००४ मध्ये जॉयफुल हार्ट फाउंडेशन काढली. ती संस्था आता या पडून राहिलेल्या किट्सच्याच मागे लागली आहे.

'संमती' हा शब्द मात्र आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघाला. देसाईगंज पोलीस ठाण्यात पोलिसांनीच मुलीवर बलात्कार केल्याचं १९७२ चं प्रकरण तिनेच सांगितलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असं धरून सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९८० मध्ये मुंबईत बायका रस्त्यावर उतरल्या, त्यात आई होती. १९८३ मध्ये कायदा बदलला. आई मोर्चात होती, हे मला आता चाळिशीत कळतंय.

इथे कुणी नर्स, वकील किंवा समुपदेशन केंद्रात काम करणारं असेल तर सांगा: समोर बसलेल्या बाईला 'रेप किट' तुम्ही कसं समजावता? आणि 'सर्व्हायव्हर'ला, म्हणजे अत्याचार सोसून त्यातून उभी राहिलेल्या बाईला, काय म्हणता? 'पीडिता' आईला पटत नाही. त्या भागातली मुलगी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून सलग बोलत होती. 'अतिप्रसंग' आणि 'अब्रू' कृपया सुचवू नका. कोशातले प्रतिशब्द नकोत, रोजच्या बोलण्यातले हवेत.

उद्या दुपारी त्याच गोष्टीचा दुसरा भाग लागणार आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.