पोपटीच्या रात्री सगळ्यांना चालेल असं फ्रूट पंच: सल्ला हवाय

वालाची_शेंग
मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी नागावला आमच्या वाडीत पोपटी लावतोय, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून जाळात भाजायच्या. माणसं साधारण ४०. त्यात शाळकरी पोरं, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका, मुंबईहून येणारे चुलत दीर-जावा असं सगळंच. दरवर्षी प्यायचा विषय निघाला की पुरुषमंडळी एका कोपऱ्यात गायब होतात आणि बाकीच्यांच्या हातात कोल्ड्रिंकच्या बाटल्या येतात. यंदा मोठ्या भांड्यात एकच काहीतरी रंगीत, फळांचं करायचं ठरवलंय. दारूचा थेंब नको, पण पाहुण्यांना पोरांचं सरबत हातात टेकवल्यासारखंही वाटायला नको.

नेटवर बघितलं तर क्रॅनबेरी काय, जिंजर एल काय! अलिबागच्या बाजारात काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडचं काय वापरू? आणि कृपया ४० माणसांचं प्रमाण सांगा, दोन ग्लासांचं मला गुणता येत नाही.

दर्यावर्दी
घरात सोलां असताना ह्यां पंचाचां खूळ कित्याक? सोलकढी करा नि गप ऱ्हवा.

वालाची_शेंग
काका, सोलकढी जेवणात आहेच. हे पोपटी लावल्यापासून मडकं उघडेपर्यंतच्या वेळेचं चाललंय. तेव्हाच सगळे शेकोटीभोवती उभे असतात.

कोकमफूल
दर्यावर्दींचं अर्धं बरोबर आहे. सोलकढी नको, कारण नारळाचं दूध तासन्‌तास बाहेर ठेवलं की फाटतं आणि आंबतं. पण आंबटपणा मात्र कोकमाचाच घ्या. क्रॅनबेरीने जे होतं, म्हणजे लाल रंग आणि किंचित तुरट आंबट चव, ते सगळं अमृत कोकमात आहे. आगळ म्हणजे कोकमाचा नुसता रस घेऊ नका, ते खारवलेलं असतं, पंच खारट होईल. साखरेतलं अमृत कोकम, शक्यतो ओळखीच्या घरचं.

आता प्रमाण. माणशी ३०० मिली धरा, म्हणजे १२ लिटर. पोरं जास्त पितात, पण भजनी मंडळ कमी पिईल, हिशेब जमतो.

अमृत कोकम १ लिटर, संत्र्याचा रस २ लिटर, अननसाचा रस २ लिटर, मसाल्याचं पाणी १ लिटर, साधं गार पाणी ३ लिटर, आणि अगदी शेवटी ३ लिटर गार सोडा. अर्धा डझन लिंबं हाताशी असू द्यात, पण सगळी पिळू नका. चाखून ठरवा, कारण प्रत्येकाच्या घरचं कोकम वेगळं असतं. वरून साखर बहुतेक लागत नाही.

२ लिटर रसाला नागपुरी संत्री ५ किलो तरी लागतील. अननस मध्यम आकाराचे चार. सालं, डोळे काढून मिक्सरला फिरवा आणि पंचाच्या फडक्यातून गाळा (हा दुसरा पंचा, अंग पुसायचा, अर्थात धुतलेला). चोथा राहिला तर तळाशी बसतो आणि शेवटच्या दहा जणांना लगदा प्यावा लागतो.

संत्र्याचा रस मात्र सकाळी काढून ठेवू नका. बिया आणि पांढरी साल रसात चिरडली गेली की तासाभराने कडवटपणा वर येतो. मोसंबीचं तर याहून वाईट. मिक्सर वापरू नका, हाताने पिळायच्या यंत्रावर काढा, आणि संध्याकाळी काढा. दीर-जावा येणार आहेतच ना मुंबईहून? द्या कामाला लावून.

वालाची_शेंग
मसाल्याचं पाणी म्हणजे?

कोकमफूल
खरी गंमत त्यातच आहे, लिहायचं राहूनच गेलं. सव्वा लिटर पाण्यात गवती चहाची मूठभर पाती गाठ मारून, आल्याचा बोटभर तुकडा ठेचून, दालचिनीच्या दोन कांड्या आणि चार लवंगा. पाणी लिटरभर होईपर्यंत उकळा, झाकून गार करा, गाळा. दारात दालचिनीचं झाड असेल तर कांड्यांऐवजी हिरवी पानं टाका, त्यांचा वास जास्त मोकळा असतो. जायफळ घालायचं तर नखाएवढं, तेही किसून, आणि भांडं आचेवरून उतरवल्यावर.

पोपटीला भांबुर्डीच्या पाल्याचा आणि धुराचा वास असतो, ओव्याचा झटका असतो. त्याच्याशेजारी नुसतं गोड फळांचं पाणी अगदी बिचारं दिसतं. हे मसाल्याचं पाणी घातलं की पंचाला घशात उतरताना थोडी धार येते. लोक दारूत तीच शोधत असतात असं माझं स्पष्ट मत आहे. भांडण नको.

अळूवडी
भांडण नाही, पण एक वेगळा मुद्दा. जानेवारीत रात्री उघड्यावर थंडगार कोण पितं? आमच्या दापोलीला तर स्वेटर काढवत नाही. मी हेच गरम करते, सोडा न घालता. संत्र्याचा रस, मसाल्याचं पाणी, गूळ, कोकमाची सालं. रस उकळायचा नाही, मसाल्याचं पाणी कडकडीत करून त्यात रस ओतायचा. उकळला की संत्र्याचा ताजेपणा जातो आणि औषधाचा काढा तयार होतो. गुळाने रंग मळकट होतो हे खरं, पण अंधारात कोणाला दिसतंय!

वालाची_शेंग
अळूवडी, नागावला दापोलीएवढी थंडी नसते गं. शिवाय जाळाजवळ उभं राहिलं की घामच येतो. पण सासूबाईंसाठी एका थर्मासात गरम ठेवते, कल्पना छान आहे.

मुरूडकर
बर्फाचं कोणी बोललंच नाही. बंदरावरून लादी आणायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, ती मासळीसाठी असते. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणजे खायचा असं समजू नका.

घरी उकळून गार केलेलं पाणी केकच्या भोकवाल्या भांड्यात किंवा चपट्या डब्यात दोन दिवस आधी गोठवा, त्यात डाळिंबाचे दाणे आणि पुदिना घालून. मोठा तुकडा हळू वितळतो, पंच पाणचट होत नाही, आणि वर तरंगताना दिसतोही झकास. ट्रेमधले लहान खडे अर्ध्या तासात संपतात.

सोडा पाहुणे आल्यावरच ओता. भांड्याच्या कडेने, हळू. नंतर डावाने घुसळू नका, सगळा वायू निघून जातो.

भरतीओहोटी
मी गेल्या वर्षी पाहिलेल्या एका पंचात हापूसचा डब्यातला गर होता. दिसायला सोनेरी, पण दाट गर तळाशी बसला आणि वरचं सगळं पाणी. आंबा घालायचा मोह टाळा. पपई, चिकूही नको. अननस घालताय तर दूध, क्रीम, आइस्क्रीम यातलं काहीही जवळ येऊ देऊ नका. अननसातल्या एन्झाइमने दूध कडू होतं, फाटतं.

उसाच्या रसाबद्दल कोणी विचारेलच, म्हणून आत्ताच सांगते: काळा पडतो आणि चटकन आंबतो. गुऱ्हाळावर उभं राहून प्यायची गोष्ट आहे ती.

वालाची_शेंग
तळाचा गर वाचून हसले, आमच्याकडे नक्की तेच झालं असतं, फ्रीजरमध्ये हापूस आहे अजून. आता दोन प्रश्न. साखर असलेल्यांचं काय करू? घरात तिघं आहेत. आणि पितळेचं जुनं मोठं घंगाळ आहे, फोटोत मस्त दिसेल, त्यात करू का?

कोकमफूल
घंगाळ अजिबात नको! कोकम, संत्रं, लिंबू, सगळं आंबट. कल्हई नसलेल्या पितळेत ते कळकतं, आणि त्याने पोट बिघडतं. अॅल्युमिनियमचा टोपही नको. स्टील किंवा काच. घंगाळाची हौसच असेल तर त्यात बर्फ भरा आणि मधोमध स्टीलचा टोप बसवा, फोटोही होईल आणि पंच गारही राहील.

साखरवाल्यांसाठी वेगळा जग करा. मूठभर कोकमाची सालं कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, गाळा, त्यात मसाल्याचं पाणी, लिंबू, पुदिना, सोडा. काही ठिकाणची सालं खारवलेली असतात, तेव्हा चाखल्याशिवाय मीठ टाकू नका. फळांच्या रसातही साखर असतेच, म्हणून "नैसर्गिक आहे, प्या हो" म्हणून मोठ्या भांड्यातलं त्यांना देऊ नका. भजनी मंडळात हे वाक्य हमखास ऐकू येतं.

अळूवडी
सजावटीला स्टारफ्रूटच्या चकत्या कोणी सुचवण्याआधी: ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांच्यासाठी ते फळ धोक्याचं आहे. ४० माणसांत कोणाला काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. पेरूच्या पातळ फोडी आणि डाळिंब पुरे.

दर्यावर्दी
वाचलंय सगळां. बरां वाटतासा. पण पुरुषांचो कोपरो काय ह्या पंचान बंद होवचो नाय हां.

वालाची_शेंग
काका, कोपरा राहू दे, पण ग्लास आमच्याच भांड्यातून भरून न्यायचा, त्यात काही ओतायचं नाही. भांड्याशेजारी सासूबाई खुर्ची टाकून बसणार आहेत, त्यामुळे मला चिंता नाही.

मग ठरलं: कोकम, संत्रं, अननस, मसाल्याचं पाणी, वरून सोडा. बर्फ गुरुवारी रात्री लावते, शनिवारपर्यंत घट्ट होईल. अमृत कोकम शेजारच्या काकूंकडे मे महिन्यात केलेलं आहे. एकच राहिलं, वाढायचं कसं? तोटीचं स्टीलचं पिंप आहे, त्यात केलं तर डावाने सांडासांड होणार नाही.

मुरूडकर
पिंपात करा, पण फळांच्या फोडी त्यात टाकू नका. पेरूची एक फोड तोटीत अडकली की मागे रांग आणि पुढे तुम्ही चमच्याचं टोक घालून खरवडताय. फोडी, दाणे वेगळ्या ताटात ठेवा आणि ग्लासात टाकून वर पंच धरा. बर्फाचं कडंही पिंपाच्या तोंडातून आत जातंय ना, ते गोठवण्याआधी मोजून घ्या, आणि पिंपात करताय तर त्या बर्फातही दाणे-पुदिना नको.