दोन डोळ्यांचा कोमा (बिंदूची प्रतिमा धूमकेतूसारखी एका बाजूला पसरवणारा दोष) उलटा: फरक खरा की मोजणीतला?

प्रश्न: टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आकाराचा नकाशा) आडवा कोमा उजव्या डोळ्यात +०.२०, डाव्यात −०.१८ मायक्रॉन. मोजलेल्या भागाचा व्यास ६ मिमी. काळजीचं आहे का?

उत्तर १: मुळीच नाही. डोळे एकमेकांची आरशातली प्रतिमा. तुलनेआधी डाव्याच्या आडव्या कोमाचं नि तिरक्या अॅस्टिग्मॅटिझमचं (दोन दिशांतल्या असमान वक्रतेचा दोष) चिन्ह उलटवा. उभा कोमा तसाच ठेवा. उरला फरक ०.०२, म्हणजे किरकोळ.

उत्तर २: व्यास दोन्हीकडे एकच ना? ५ मिमीला कोमा व्यासाच्या घनाच्या हिशेबानं जवळपास ५८ टक्क्यांवर येतो. अश्रूंचा थर फाटला तरी आकडे नाचतात. पापणी मिटायला लावा, उघडताच टिपा, असं तीनदा.

उत्तर ३: उभा कोमा मात्र बघाच. तो एकाच डोळ्यात ठळक आणि कॉर्नियाच्या खालच्या भागाची वक्रता जास्त, तर केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) शंका घ्या. कॉर्नियाची जाडी आणि मागचा पृष्ठभाग तपासा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरात असतील तर तपासणीआधी दोन आठवडे बंद.