‘स्टेडी’ म्हणजे ‘थांब’ नव्हे: बंदुकीबरोबरच्या कुत्र्याची भाषा

प्रश्न: ब्रिटिश पद्धतीने लॅब्राडोर शिकवण्याच्या मजकुरात ‘स्टे’, ‘स्टेडी’ आणि ‘रिट्रीव्ह’ हे शब्द सतत येतात. मराठीत पहिल्या दोन्हींना ‘थांब’ चालेल का? आणि ‘गन डॉग’ला ‘शिकारी कुत्रा’?

प्रतिसाद १: ‘शिकारी कुत्रा’ नको. तो म्हणजे आपला कारवानी जातीचा कुत्रा: ससा दिसला की सुटला, धरला, मारला. गन डॉगने मारायचं नसतंच, पडलेला पक्षी हुडकून आणायचा. ‘बंदुकीचा कुत्रा’ही नको, बंदुकीला घोडा असतो तेवढा पुरे. ‘गनडॉग’च ठेवा.

‘स्टेडी’ला माझं मत ‘दम धरणे’. ‘थांब’मध्ये नुसतं हलू नये एवढंच आहे. इथे बार झालाय, पक्षी समोर पडलाय, कुत्र्याचे मागचे पाय थरथरतायत, तरी ढुंगण जमिनीला टेकलेलं. हा दम. आणि ‘दबा’शी गल्लत नको, दबा धरतो तो सेटर जातीचा कुत्रा, पक्ष्याचा वास लागल्यावर.

प्रतिसाद २: ‘दम’ पटला. ‘स्टे’ला तर वेगळा शब्दच नको. बरेच ब्रिटिश शिक्षक तो वापरत नाहीत. ‘सिट’ म्हणजे पुढचा हुकूम येईपर्यंत बसणं. फक्त मराठीत ‘बस’ची पंचाईत आहे: लाड आवरतानाही आपण ‘बस, बस’ म्हणतो. दोन अर्थ ऐकलेला कुत्रा दोन्हीकडे कानाडोळा करतो. शिट्टीची एक लांब फुंकर बरी.

कृती सांगायची तर: बसवा, एक पाऊल मागे, परत त्याच्याजवळ जा आणि तिथेच शाबासकी द्या. सुरुवातीला बसल्या जागेवरून हाक मारून बोलावू नका, नाहीतर तो हाकेची वाट बघत पुढे सरकायला शिकतो. मग कॅनव्हासची डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला टाकायची वस्तू (मोठ्या कुत्र्याला साधारण अर्धा किलो, पिल्लाला त्याच्या निम्मी) अशी टाका की कुत्रा आणि डमी यांच्यामध्ये तुम्ही असाल. सुटलाच तर वाटेत अडवता येतो. दहांतल्या सहासात डमी स्वतः उचलून आणा. पण पिल्लाला फारच दाबलंत तर आणायची हौसच मरते.

प्रतिसाद १: ‘रिट्रीव्ह’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, ‘पुन्हा सापडणे’. म्हणून ‘हुडकून आणणे’.

प्रश्नकर्ता: आणि तोंडातून घेताना ‘सोड’?

प्रतिसाद २: नाही, ‘दे’. ‘सोड’ म्हटलं की पायाशी टाकतो, आणि पंख मोडलेला तितर उठून पळतो. हाताने हिसकावूही नका, तो दात आवळायला शिकतो. पक्षी धरायचा तो मांजर पिल्लू उचलते तसा. ‘सॉफ्ट माउथ’ला ‘अलगद तोंड’ लिहा.