‘आत्महत्येनंतरचे घरचे’ : मराठीत नेमका शब्द कोणता?

शाहूपुरी : आम्ही काही जण कोल्हापुरात आशाताई, अंगणवाडी सेविका आणि कॉलेजच्या मुलांसाठी एक प्रश्नावली मराठीत करतोय. एखाद्या घरात कुणी आत्महत्येनं गेलं, तर त्या घराला आधार कसा द्यायचा हे लोकांना कितपत माहीत आहे, ते तिच्यातून मोजायचंय. विधान वाचायचं आणि ‘बरोबर’, ‘चूक’, ‘माहीत नाही’ यांपैकी एकावर खूण करायची. ‘माहीत नाही’ मुद्दाम ठेवलंय. माहीत नसणं वेगळं आणि चुकीचं पक्कं डोक्यात बसलेलं असणं वेगळं.

अडलंय ते एका शब्दापाशी. इंग्रजीत या माणसांना ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. ‘वाचलेले’ लिहिलं, तर प्रयत्नातून बचावलेला माणूस डोळ्यांपुढं येतो. ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ लिहून पाहिलं, तर वाचणाऱ्या तिघींनी विचारलं, “हे शेतकऱ्यांच्या मदतीचं हाय काय?” ‘शोकाकुल’ तर चौकातल्या फ्लेक्सवरच राहतो, तोंडात येत नाही.

कागलकर : शब्द रोज पेपरात छापून येतो की. “त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, नातवंडं असा परिवार आहे.” आत्महत्येनंतर अशा माणसांना द्यायच्या आधाराला इंग्रजीत ‘पोस्टव्हेन्शन’ म्हणतात, त्याला यावरून ‘पश्चात-आधार’ म्हणता येईल. एडविन श्नाइडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तो इंग्रजी शब्द घडवला, तोही ‘नंतर’ या अर्थानंच. पण माणसांसाठी बोलीतला शब्द घ्या : ‘मागची’. मातीला गेलेली माणसं परत येताना हेच बोलत असतात, “मागच्यांचं कसं व्हायचं?”

पंचगंगाकाठ : मी पोलिस खात्यातून निवृत्त झालोय. इंग्रजीत ‘कमिट सुइसाइड’मधल्या ‘कमिट’ या क्रियापदावर वाद आहे, कारण त्याला गुन्ह्याचा वास आहे. आपल्याकडं अडचण ‘केली’ची नाही, नामातच ‘हत्या’ बसलीय. म्हणून ‘आत्महत्येनं गेला’ मला बरं वाटतं. आपण मरणाला ‘जाणं’च म्हणतो. ठाण्यात नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते, पण पंचनामा, जबाब, पोस्टमॉर्टेम एवढं एका दिवसात अंगावर आलं की घरच्यांना वाटतं, आपणच आरोपी आहोत. हे मी समोरासमोर पाहिलंय. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखं सरसकट कलमही उरलेलं नाही.

शाहूपुरी : ‘मागची माणसं’ सहा जणींना वाचून दाखवलं. सगळ्यांना कळलं, पण सगळ्यांनी ‘घरची’ एवढाच अर्थ घेतला. इथं मला थांबावं लागलं. पूर्वी एका आत्महत्येमागं सहा माणसं धरत. केंटकी विद्यापीठातल्या ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे की, त्या माणसाला ओळखणाऱ्या सुमारे १३५ जणांपर्यंत ती पोचते. तालमीतला जोडीदार, रूममेट, रोज दूध घालणारा, शाळेतल्या बाई : यांच्याकडं समाचाराला कोण जातं? म्हणून सुरुवातीला एक ओळ घातली, ‘मागची माणसं म्हणजे घरचे, मित्र, शेजारी, सोबत काम करणारे, सगळे.’

याहून मोठा घोळ दोन विधानांत निघाला. पहिलं, ‘गेलेल्याचं नाव घेतल्यानं घरच्यांचं दुःख वाढतं.’ अपेक्षित उत्तर ‘चूक’. पण एका मावशींना ‘नाव घेणं’ म्हणजे उखाणा आठवला, आणि नवरा गेलेल्या बाईला नाव घ्यायला लावायचं या कल्पनेनंच त्या गप्प झाल्या. आता तिथं ‘गेलेल्याच्या आठवणी बोलल्यानं’ असं केलंय.

दुसरं, ‘घरच्यांची विचारपूस करावी.’ सगळ्यांनी ‘बरोबर’ म्हटलं, पण विचारपूस म्हणजे काय विचाराल असं पुढं विचारल्यावर चौघी म्हणाल्या, “कसं झालं, चिठ्ठी घावली काय.” ही विचारपूस नव्हे, चौकशी झाली. म्हणजे त्या खुणेतून माहिती मोजलीच गेली नाही, फक्त एक सोज्वळ शब्द मोजला गेला.

माझा चुलतभाऊ असाच गेला. रक्षाविसर्जनापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक जण काकूला चिठ्ठीचंच विचारत होता. बारावं झालं आणि दार वाजायचं बंद झालं. दीड वर्षानं शेजारच्या आक्का वाटी घेऊन आल्या, “त्याला गव्हाची खीर आवडायची, आज केली हुती.” काकू त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याविषयी तासभर बोलली. आक्कांना ही प्रश्नावली दिली तर किती गुण पडतील, मला सांगता येत नाही, पण विधानं अशी हवीत की आक्कांना जे येतं ते त्यांत दिसलं पाहिजे.

कागलकर : मग ‘विचारपूस’ काढा. ‘मृत्यू कसा झाला हे घरच्यांना विचारणं हा आधार आहे’ असं सरळ लिहा आणि उत्तर ‘चूक’ ठेवा. नकारार्थी वाक्य करू नका, ‘विचारू नये’ला ‘चूक’ म्हणताना माणूस गोंधळतो. शीर्षकात ‘ज्ञान’ आहे का?

शाहूपुरी : होतं, काढलं. ‘ज्ञान’ म्हटलं की परीक्षा वाटते. ‘समज’ घेतला असता, पण त्याच्या शेजारी लगेच ‘गैरसमज’ उभा राहतो. आता असं आहे : ‘आत्महत्येनं गेलेल्यांची मागची माणसं : त्यांना आधार देण्याविषयी आपल्याला काय माहीत आहे?’ भरणाऱ्यांतही अशी मागची माणसं असणारच, म्हणून शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापतोय. रविवारी पुन्हा मोठ्यानं वाचून घेणार आहे. ‘मागची’ की ‘मागं राहिलेली’, तेवढं त्याआधी कळवा.