मदत हवी आहे: क्रायोनिक्ससाठी नाव नोंदवायचं आहे, घरी कसं सांगू?

रानवारा
डॅलसला राहतो, वय 44. पुढे कधीतरी विज्ञान जिवंत करू शकेल या आशेवर मृत्यूनंतर देह उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्यासाठी नाव नोंदवायचं नक्की केलंय. आजवर यातून कुणीही परत उठलेलं नाही, हे माहीत असूनच. अडतंय ते घरात. बायको विचारते, "अग्नी नाही, अस्थी नाहीत, मग दहाव्याला पिंड कशाच्या जोरावर ठेवायचा?" शिवाय मुलांचा पैसा यात जाईल ही धास्ती. आईबाबा सांगलीला असतात. तूर्त कुणाला न सांगता कागद करून ठेवले तर चालेल का?

दूर्वा
नाही, तेवढं करू नका. मृत्यू घोषित झाला की लगेच देह बर्फाच्या पाण्यात थंड करायचा असतो, छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं असतं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिन द्यायचं असतं. पुढे रक्ताच्या जागी बर्फ न होऊ देणारं द्रावण भरतात. उशीर झाला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, द्रावण तिथवर पोचत नाही आणि नेमके तिथेच बर्फाचे स्फटिक होतात. संस्थेला पहिला फोन बहुधा तुमच्या बायकोनेच करायचा आहे. तिला हे पटलं नसेल तर सगळे कागद फायलीतच राहतील.

आयोवात 2009 साली अल्कोर या क्रायोनिक्स संस्थेच्या एका सभासदाच्या भावंडांनी त्याला परस्पर पुरलं. 2010 मध्ये अपील कोर्टाने अल्कोरच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर वर्ष उलटून गेलं होतं. खटला जिंकूनही मेंदूच्या दृष्टीने हाती काय लागणार?

सातपुडा
पैशाचं बोलतो. मिशिगनच्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा खर्च 28 हजार डॉलर्सपासून आहे, पण मृत्यूसमयी हजर राहणारं पथक त्यात धरलेलं नाही. अ‍ॅरिझोनातल्या अल्कोरमध्ये फक्त डोकं जतन करायचे 80 हजार, पूर्ण देहाचे दोन लाखांच्या वर. बहुतेक जण आयुर्विम्यातून भागवतात. यासाठी वेगळी पॉलिसी काढा, मुलांच्या पॉलिसीला हात लावू नका. तीस वर्षांची टर्म घेतलीत तर 74 व्या वर्षी ती संपेल, आणि खरी गरज त्यानंतरच पडण्याची शक्यता जास्त. म्हणून होल लाइफ, म्हणजे आयुष्यभर चालणारी पॉलिसी बघा, आणि रक्कम आजच्या दरापेक्षा वाढीव ठेवा.

टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात. त्यातून हप्ते भरून लाभार्थी म्हणून संस्थेचं नाव घातलंत, तर बायको त्यावर हक्क सांगू शकते. तिची लेखी संमती घ्या. देहाची व्यवस्था कुणी लावायची त्याचा टेक्सासचा फॉर्म नोटरीसमोर करा. त्यावर ज्याचं नाव घालाल, त्याची सहीही लागते.

दूर्वा
पिंडाचा प्रश्न तिला खराच छळत असणार, त्याला वैज्ञानिक उत्तर देत बसू नका. देह हाती नसेल तर आपल्याकडे पालाशविधी आहे: पळसाचे 360 देठ मांडून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. देह आहे पण द्यायचा नाही, अशा वेळी हा विधी करायला प्रत्येक गुरुजी तयार होतीलच असं नाही, तेव्हा आत्ताच एकाशी बोलून ठेवा. मेडिकल कॉलेजला देहदान केलेल्यांच्या घरीही अग्नी नसतो, तरी दिवस करतात. आईबाबांना हे उदाहरण लवकर समजेल. मात्र "देहदान केलंय" एवढंच सांगून थांबू नका, पुढचं कळलं की फसवल्यासारखं वाटतं.

रानवारा
आणि सांगलीला असतानाच काही झालं तर?

सातपुडा
मग फार कठीण. परदेशी देह पाठवायचा तर एम्बाल्मिंगचं (देह रसायनं भरून टिकवल्याचं) प्रमाणपत्र मागतात, आणि कागदपत्रांत काही दिवस जातात. तेवढ्यात मेंदूची हानी होऊन जाते. मर्यादा आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ "मृत्यू भारतात झाला तर तिथेच दहन". त्या एका ओळीने बायकोवरचं अर्धं ओझं उतरेल.

संस्थेचा चोवीस तासांचा नंबर फ्रिजवर लावा, पाकिटात ठेवा आणि फॅमिली डॉक्टरच्या फायलीतही घाला. सभासदांना मनगटात घालायची पट्टी मिळते, ती काढू नका. रुग्णालयात बेशुद्धावस्थेत नेलं तर फ्रिज काही सोबत येत नाही.